चार दिवसांनी चौदाच्या बाहेर! तारीख 'दुरुस्त' करावी का?

दुधनाकाठ (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. परभणी जिल्ह्यात सेलूकडं राहतो, जिनिंगवर हिशोब लिहायचं काम. पोरगं आठवीत. कबड्डीचं वेड इतकं की जेवतानाही एका पायावर.

जन्म २८ डिसेंबर २०११. यंदा, म्हणजे २०२५-२६ ला, शालेय स्पर्धेत चौदा वर्षांखालच्या गटाला १ जानेवारी २०१२ किंवा नंतरचा जन्म पाहिजे. चार दिवसांनी हुकलं. आता त्याला सतराखाली खेळावं लागणार, तिथं २००९ ची पोरं. ह्याचं वजन ३९ किलो.

मागल्या वर्षी चौदाखाली आम्ही जिल्ह्यापर्यंत गेलो होतो. समोरच्या संघात एका पोराला मिशी. लव नाही हो, कातरलेली मिशी! त्यानं माझ्या पोराला मांडीला धरून असं उचललं जसं आपण सरकीचं पोतं उचलतो. खांदा आठ दिवस दुखत होता. आम्ही आक्षेप घेतला, कागद तपासले, कागद एकदम बरोबर.

आता शाळेतले सर म्हणतात, "दाखल्यावर ५ जानेवारी करून आणा की. सगळेच करतात. ते तर चार-चार वर्षं खातात, आपले चारच दिवस." बायको नको म्हणते. माझं मन एकदा हिकडं, एकदा तिकडं. तुम्ही काय केलं असतं? खरं सांगा. उपदेश घरी भरपूर मिळालाय.

माजलगावचा पाहुणा

कातरलेली मिशी वाचून चहा सांडला. आमच्या तालुक्याला चौदाखालच्या एका खेळाडूला सामना संपल्यावर न्यायला त्याची बायको आली होती. ती मात्र खरंच लहान दिसत होती.

निवृत्त शिट्टी

लातूर भागात पंच म्हणून तीसेक वर्षं उभा राहिलो. मिशीचं सोडा, ती सकाळी काढून येतात. आम्हाला कळायचं ते दमावरून. चौदाच्या आतलं पोरगं चढाईला आलं की 'कबड्डी कबड्डी' बारीक, चिमणीसारखं ऐकू येतं. एखादा मध्यरेषा ओलांडून घुमायला लागला की डोळे मिटले तरी समजतं, हा बाप्या आहे. एकदा एकाचा दम ऐकून मैदानाबाहेर बांधलेलं कुत्रं भुंकायला लागलं होतं.

पण दमावरून कोणाला बाहेर काढता येत नाही. पंचाकडं वय ठरवायचा अधिकार नसतो. आक्षेप लेखी द्यायचा, आयोजक कागद बघणार. बोनाफाईड आहे, दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा आहे, आधार आहे, सगळ्यावर तीच तारीख. मग खेळवा. मी शिट्टी मारली आहे अशा सामन्यांना, लपवत नाही.

दुधनाकाठ, तुम्ही विचारलं म्हणून सांगतो. मागच्या वर्षी ज्या संघावर तुम्ही चिडलात त्यांच्याही मागं असेच एक सर होते आणि त्यांनीही पहिल्यांदा 'थोडेच दिवस' असंच म्हटलं असणार.

एक जून

दाखल्याच्या तारखेवर मराठवाड्यात गंभीर चर्चा चाललीय बघून बरं वाटलं. आमच्या गावात १ जूनला अर्धा गाव जन्मला. माझ्या वर्गात बत्तीस पोरं, एकोणतीस जणांचा वाढदिवस एकाच दिवशी. मास्तर जूनला नाव घालताना सहा वर्षं पूर्ण धरायचे आणि लिहून टाकायचे.

आईला विचारलं तर ती म्हणायची, "बहात्तरच्या दुष्काळाच्या दुसऱ्या साली, ज्वारी काढायला आली होती तवा." म्हणजे फेब्रुवारी-मार्च कधीतरी. मी कबड्डी खेळलो तेव्हा मी कोणत्या गटात होतो हे मला अजून माहीत नाही. पण एक आहे, आमचा तो अंदाज होता. तुमच्याकडं दवाखान्याचा कागद आहे.

रोखठोक जालना

मी विरुद्ध बोलतो, शिव्या घाला.

चार दिवस आणि चार वर्षं ह्यात काही फरक आहे की नाही? ह्या पोरात आणि १ जानेवारीला जन्मलेल्या पोरात काय अंतर आहे? बारशाचं सुद्धा नाही. तारीख कुणीतरी कार्यालयात बसून ठरवली. मोठ्या वयाची पोरं खेळतात, ढाल नेतात, दहावीला सवलतीचे गुण घेतात, पुढं सरकारी नोकरीत खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण आहे त्याच्या रांगेत उभी राहतात. आणि ज्यानं खरी तारीख लिहिली तो ३९ किलोचा जीव घेऊन सतराखाली मार खातो. नियम पाळणाऱ्यालाच शिक्षा असेल तर तो नियम फक्त गरिबाला आहे.

माजलगावचा पाहुणा

रोखठोक, रेषा कुठंतरी मारावीच लागते राव. चढाई करणाऱ्यानं ओलांडायची निदानरेषा चार बोटं मागं घेतली तर त्याच्याही चार बोटं अलीकडं कुणीतरी बाद होणारच.

रोखठोक जालना

रेषा मारा की. पण सगळ्यांना सारखी मारा.

महा-ई-काका

सेवा केंद्र चालवतो. नैतिकता बाजूला ठेवा, कागदाचं सांगतो.

आधारवर जन्मतारीख एकदाच बदलता येते. दुसऱ्यांदा बदलायची म्हणजे नुसत्या खेपा. पोरगं दवाखान्यात जन्मलंय म्हणजे जन्माची नोंद तेव्हाच झाली. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ चा आहे, त्यात चुकीची नोंद दुरुस्त करायची सोय आहे, बरोबर नोंद चुकीची करायची नाही. मग लोक काय करतात, गावात नोंदच नव्हती म्हणून उशिराच्या नोंदणीचा दुसरा दाखला काढतात. एका पोराचे दोन जन्म! आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना तर शाळाप्रवेशापासून सगळीकडं जन्मदाखलाच मुख्य कागद झालाय, म्हणजे हे खेळ पुढं जमणारही नाहीत.

माझ्याकडं असलं एक पोरगं आलं होतं. शाळेत एक तारीख, आधारवर दुसरी, बँकेच्या पासबुकावर तिसरी. शिष्यवृत्ती अडकली. बाप म्हणे, "कबड्डीसाठी केलं होतं." पोरगं आता कबड्डी खेळतही नाही, मोबाईलवर क्रिकेट बघतं.

सात नंबर

बरेच दिवस लिहू का नको करत होतो.

बीड जिल्हा. मी एकोणिसाव्या वर्षी सतराखाली खेळलो. सरांनी कागद केले, मी विचारलं नाही. आवडतच होतं मला. विभागाला गेलो, राज्याला गेलो, प्रमाणपत्र मिळालं. ते ट्रंकेत आहे. पोलीस भरतीच्या वेळी बाहेर काढलं होतं, पण खेळाची प्रमाणपत्रं विभागीय उपसंचालकांकडं पडताळणीला जातात हे कळल्यावर गपचूप परत ठेवलं. पळण्यात दोन गुणांनी राहिलो. प्रमाणपत्र लावलं असतं तर लागलो असतो की आत गेलो असतो, देव जाणे.

पण सांगायचं ते दुसरंच. माझ्या जागी संघात एक पोरगा होता. खरा सोळाचा. सरांनी यादीतून त्याचं नाव काढून माझं घातलं, त्याला सांगितलं की तू राखीव. राखीवही नव्हता तो. तरी स्वतःच्या पैशानं एसटीनं आला आमच्याबरोबर, पाण्याच्या बाटल्या भरायला. आता त्याचं गावात गॅरेज आहे. माझी गाडी तोच दुरुस्त करतो, पैसे बरोबर घेतो, आणि चार माणसांत मला 'सतरा' म्हणून हाक मारतो. "ये सतरा, ब्रेक घासलेत तुझे." लोकांना वाटतं माझं टोपणनाव आहे.

एक जून

सात नंबर, हे वाचून गप्प झालो.

अडत लाईन

वय एकच चोरतात असं नाही, वजनही चोरतात. संघटनेच्या स्पर्धेत किशोर गटाला ५५ किलोची मर्यादा असते. आमचा पकडीतला खांब ५७ चा. दोन दिवस पोराला जेवण बंद, दुपारच्या उन्हात रेनकोट घालून पळवला, बसमध्ये तोंडात चिंच धरून प्लास्टिकच्या पिशवीत थुंकत होता. वजन बघायला मोंढ्यात आमच्या अडतीवर आणला. सोयाबीनच्या काट्यावर. ५५ किलो ३०० ग्रॅम. हमाल म्हणाला, "मालक, ओलावा जास्त हाय, वाळवा अजून."

भरला शेवटी ५५ ला. आणि वजन झाल्या झाल्या सहा वडापाव खाऊन मैदानात उतरला, पहिल्याच पकडीत सगळं बाहेर. सामना पंधरा मिनिटं थांबला होता. आता हसतो, पण चौदा-पंधराचं पोरगं दोन दिवस उपाशी ठेवलं होतं आम्ही. आणि आम्हाला ते तयारी वाटत होतं.

कळंबची लेक

कबड्डीवाल्यांनो, तुमच्या मिश्या आणि वडापाव चालू द्या. दुधनाकाठ दादा, ३९ किलोचं चपळ पोरगं कबड्डीत कशाला घालताय? खो-खोत आणा. इथं खांबाला वळसा घालताना किलो मोजत नाहीत.

मी धाराशिवकडं खेळले आहे. आमच्या जिल्ह्यात खो-खो म्हणजे घरचा देव. सारिका काळे इथलीच, २०१६ ला भारताची कर्णधार, २०२० ला अर्जुन पुरस्कार. जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिला विश्वचषक झाला, पोरींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० नं हरवलं, कर्णधार प्रियंका इंगळे मूळची केज तालुक्यातल्या कळंबआंब्याची. हे सांगितल्याशिवाय मला पुढं लिहवत नाही.

आता अन्यायाचं. पोरींच्या गटात मी मोठ्या वयाच्या पोरी फारशा पाहिल्या नाहीत. कारण सोपं आहे, मोठ्या वयाच्या पोरी खेळतातच कुठं! सातवीपर्यंत आम्ही चौदा जणी होतो. नववीत पाच. कुणाची पाळी सुरू झाली, कुणाच्या चुलत्याला हाफ पँट दिसली, कुणाचं स्थळ आलं. आमच्या बाईंना संघ पुरा करायला शेजारच्या वर्गातून पोरी मागून आणाव्या लागायच्या. तुमच्याकडं जास्तीचे घुसतात म्हणून भांडण, आमच्याकडं असलेल्या राहत नाहीत. ह्याला कोणत्या कागदावर आक्षेप घ्यायचा?

माजलगावचा पाहुणा

ताई, पटलं. फक्त 'खो-खोत आणा' ह्याला कबड्डीच्या वतीनं निषेध.

क्षकिरण अंबाजोगाई

कुणीतरी म्हणेल त्याआधी मीच लिहितो. हाडाची तपासणी. बीसीसीआय सोळाखालच्या मुलांची करते, डाव्या हाताच्या मनगटाचा एक्स-रे काढून. हाडांच्या टोकाला वाढीची कूर्चा असते, ती वयानुसार भरत जाते, त्यावरून अंदाज काढतात. पद्धतीला टीडब्ल्यू-३ म्हणतात.

पण तो अंदाजच. एखादं पोरगं लवकर वाढतं, एखादं उशिरा. सहा-आठ महिन्यांचा फरक सहज पडतो. म्हणजे धाग्यातली कातरलेली मिशी सापडेल, दुधनाकाठ यांचे चार दिवस जगातल्या कोणत्याही यंत्राला सापडणार नाहीत. (हे प्रोत्साहन समजू नये!)

रोखठोक जालना

डॉक्टर, तुम्ही तर माझ्याच बाजूनं निघालात.

ओस्लोत नांदेडकर

इकडं नॉर्वेत १९८७ पासून मुलांच्या खेळाचे वेगळे नियम आहेत. अकरा वर्षांच्या आतल्यांचे निकाल, गुणतक्ते छापत नाहीत. राष्ट्रीय अजिंक्यपद वगैरे तेराच्या आत नाही. माझी मुलगी नऊची, फुटबॉल खेळते. सगळ्यांना सारखा वेळ खेळवतात. मला पहिल्या वर्षी वेड लागायची पाळी आली होती. मी बाजूला उभा राहून मनात गोल मोजायचो. एकदा मोठ्यानं "सात-दोन!" म्हणालो तर शेजारची आई माझ्याकडं असं बघायला लागली जसं मी मंदिरात चपला घालून आलोय.

अडत लाईन

हे आमच्याकडं केलं तर पालक मैदान नांगरून हरभरा पेरतील.

ओस्लोत नांदेडकर

आणि खरं सांगू का, पोरी स्वतः मोजतातच. गाडीत बसल्या की पहिलं वाक्य "बाबा, सात-दोन."

शहागंजी

अविनाश साबळे कसा विसरलात? बीड जिल्हा, आष्टी तालुका, मांडवा. शाळेत रोज पायी, पळत जायचा. चौदाखालचं, सतराखालचं पदक नाही की काही नाही. सैन्यात गेला, तिथं पळायला लागला, २०२२ ला राष्ट्रकुलात स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीचं, रौप्य, २०२३ ला आशियाई सुवर्ण. तेव्हा चौदाव्या वर्षाच्या ढालीसाठी एवढा जीव काढू नका.

रोखठोक जालना

एक साबळे दाखवून बाकीच्या सगळ्यांना गप्प बसवायची पद्धत जुनी आहे. सैन्यात भरती झाला म्हणून दिसला. ज्याची भरती दोन गुणांनी गेली तो वर बसलाय बघा, सात नंबर.

संपादक

मधले चार प्रतिसाद काढले आहेत. खेळावरून आमदारापर्यंत आणि आमदारावरून जातीपर्यंत पोचायला तुम्हाला बरोबर तीन प्रतिसाद लागले. मैदानावर परत या.

शिट्टी नसलेला सर

मी क्रीडाशिक्षक आहे, कुठला ते नको. इथं 'सर' म्हटलं की खलनायक ठरलाय म्हणून लिहितो.

ऑगस्ट लागला की मुख्याध्यापकांचं पहिलं वाक्य, "यंदा ढाल कुठाय?" मैदानाला कुंपण नाही, सकाळी म्हशी असतात. मॅट आम्ही जिल्ह्यालाच बघतो. मातीवर तयार झालेलं पोरगं मॅटवर घसरतं आणि शहरातला संघ बूट घालून उभा असतो. दोन सामने एकाच दिवशी, मधे शेव-मुरमुरे. अशात शेजारची संस्था कागद 'करून' आणते आणि पालक मलाच विचारतात, "सर, तुम्हाला जमत नाही का?" हो, मी एकदा केलंय. अभिमान नाही.

पण ज्या अन्यायावर कुणी आक्षेप घेत नाही तो वेगळा. संघात बारा पोरं, मैदानात सात. उरलेली पाच वर्षभर सराव करतात, पकडीसाठी अंग देतात आणि स्पर्धेत जर्सी घडी न मोडता परत करतात. दोन वर्षांपूर्वी ठरवलं, तालुक्याच्या पहिल्या सामन्यात बाराच्या बारा खेळवायची. खेळवली. एका गुणानं हरलो. सरपंचांनी बक्षिसाला ठेवलेले पाचशे रुपये खिशात परत घातले, माझ्याकडं न बघता.

पण त्या पाचातल्या एकानं त्या दिवशी आयुष्यातली पहिली पकड केली. चवडा धरला आणि सोडलाच नाही, शिट्टी होऊन गेली तरी सोडेना, पंचांनी बोटं उकलली.

निवृत्त शिट्टी

सर, तो पंच मी असतो तर शिट्टी हळू वाजवली असती.

कळंबची लेक

धागाकर्ते गायब आहेत. दाखला काढायला गेले की काय?

माजलगावचा पाहुणा

पोराचे दोन जन्म झाले असतील, बारशाला बोलवा.

दुधनाकाठ (धागाकर्ता)

तीन आठवड्यांनी येतोय, माफ करा. कापूस सुरू झाला.

सगळं वाचलं. सात नंबर यांचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, "भाजी निवली" म्हणाली फक्त. तरी खरं सांगतो, मी महा-ई-काकांसारख्याच एका केंद्रावर जाऊन चौकशी करून आलो होतो. इतका काही मी साधू नाही.

गाडं अडलं ते पोरापाशी. त्याला सांगितलं, तुझी तारीख ५ जानेवारी करायची. तो म्हणाला, "पण पप्पा, २८ ला मी वर्गात गोळ्या वाटतो. सर सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावतात." मी विचारलं, कोणते सर? तर तेच सर. यंदा गोळ्या वाटायच्या का नाही, वाटल्या तर कधी, सरांना द्यायची का, असे त्याचे एकामागून एक प्रश्न. मला उत्तरं देता येईनात. विषय सोडला.

सतराखाली नाव दिलं. बारावा खेळाडू. परवा तालुक्याचा उपांत्य सामना झाला. पूर्ण वेळ बाहेर बसून होतं, गुडघ्यावर हनुवटी. चार मिनिटं राहिली, आपण अकरा गुणांनी मागं, तेव्हा सरांनी आत सोडला. पहिल्याच चढाईत बोनसरेषा ओलांडून जादा गुण घेऊन आला! समोर सहा जण दरवाज्यासारखे उभे. दुसऱ्या चढाईत तीन सेकंदात गेला, दोघांनी हवेतच धरला. हरलो नऊ गुणांनी. घरी येईपर्यंत फक्त त्या बोनसबद्दल बोलत होता.

आता दुसरा प्रश्न. वजन वाढवायला काय द्यावं? प्रोटीनचे डबे-बिबे सांगू नका, ते परवडत नाहीत.

अडत लाईन

शेंगदाणे, गूळ, दूध, आणि कुणी अडतीवर वजन करायला बोलावलं तर येऊ नका.

सात नंबर

पोराला माझ्याकडून एक बूटजोडी. संपादकांकडं पत्ता द्या. नाही म्हणू नका.

कळंबची लेक

खो-खोचं अजूनही खुलं आहे.

निवृत्त शिट्टी

अभिनंदन. जुनी खोड म्हणून विचारतो, बोनस घेताना मागचा पाय हवेत होता ना? टेकलेला असला तर बोनस धरत नाहीत.

दुधनाकाठ (धागाकर्ता)

शाळेतल्या एका पालकाकडं व्हिडिओ आहे. तुमचा प्रश्न वाचून तीन वेळा बघितला. काका, अंगठा टेकलाय. पंचांनी दिला.

रोखठोक जालना

हाहाहाहा! आता काढा दाखला!

निवृत्त शिट्टी

दिला ना? मग दिला. पंचाचा निर्णय अंतिम. पोराला व्हिडिओ दाखवू नका, पाय उचलायची सवय तेवढी लावा.